पडदा नसलेल्या रंगमंचावर

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर चहा पिता पिता वाचत आले. लाइट गेली, कुत्रं रडलं, आणि कुणाला तरी पांढरी साडी दिसली... वाचायचं, हसायचं आणि नवऱ्याला फॉरवर्ड करायचं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांचं रक्त तपासते. स्लाइडवर जे दिसतं ते आहे, जे दिसत नाही ते नाही, एवढ्या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं काढली. त्यामुळे आज हे लिहायला बसले आहे याचा सगळ्यात जास्त राग मलाच येतोय. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. ओळखीच्या माणसांना सांगितलं तर ते माझ्याकडे कसं बघतील हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी स्वतः लोकांकडे तसंच बघत आले.

आम्ही नगरचे. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय. केडगावला घर आहे. घरात मी, नवरा आणि माझे बाबा. आई जाऊन काही वर्षं झाली. धाकटा भाऊ अमोल पुण्याला एका कंपनीत इंजिनिअर आहे.

बाबा एसटीत क्लार्क होते आणि तरुणपणी हौशी नाटकांत कामं करायचे. मी मात्र त्यांचं एकही नाटक पाहिलेलं नाही, कारण माझ्या जन्मानंतर त्यांनी ते सोडलं. का सोडलं ते कधी सांगितलं नाही. घरात त्या नाटकांची एकच गोष्ट शिल्लक होती, आणि ती आई सांगायची. माझा जन्म झाला त्या रात्री बाबा दवाखान्यात आले ते तोंडाला रंग, चिकटवलेली मिशी आणि अंगात वकिलाचा काळा कोट अशा अवतारात. नर्सने त्यांना आत सोडायलाच नकार दिला. पावसाने अर्धी मिशी सुटून हनुवटीवर लोंबत होती म्हणे. हे सांगताना आई पोट धरून हसायची, आणि बाबा पेपर तोंडासमोर धरायचे.

मागच्या वर्षी बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात-पाय बराचसा सुधारला. काठी घेऊन चालायला लागले. पण वाचा गेली ती गेलीच. फक्त एक 'हं' उरला. भूक लागली तरी हं, टीव्ही नको असला तरी हं. त्यांना सगळं समजतं, पण शब्द परत येण्याची आशा धरू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ते मी स्वीकारलं होतं. रिपोर्ट वाचता येणाऱ्या माणसाला खोटी आशा लावून घेणं जमत नाही.

खरा त्रास वेगळाच होता. दिवस कलला की बाबा उठायचे आणि हॉलमधल्या लाकडी खुर्चीच्या मागे जाऊन उभे राहायचे. काठी बाजूला टेकवलेली, डावा हात खुर्चीच्या पाठीवर, मान किंचित डावीकडे, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी. आणि मग हलायचे नाहीत. बसा म्हटलं की 'हं'. खांदे धरून बसवलं तर परत उठायचे. पाय लटपटायला लागायचे, कपाळावर घाम यायचा, तरी उभेच. अगदी गळून गेले की आम्ही दोघं त्यांना उचलून पलंगावर न्यायचो. हे रोज. एकदा असेच उभ्या उभ्या कोसळले आणि कपाळाला मोठी खोक पडली.

आम्ही आपापल्या परीने अर्थ लावले. नवरा म्हणाला, आईंची वाट बघत असतील. मी म्हटलं, मेंदूतलं काहीतरी आहे. डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली, तर बाबा गोळी घेऊन, पेंगत पेंगत, उभे राहिले.

कपाळाचे टाके व्हिडिओ कॉलवर पाहिले आणि अमोलने ठरवून टाकलं. पुण्यात अशा पेशंटसाठी एक केंद्र होतं, तिथे रात्रंदिवस माणसं असतात, तिथे ठेवायचं. मी त्याच्याशी भांड भांड भांडले. पण मी लॅबला जाते, नवरा सुप्याच्या कंपनीत शिफ्टला जातो, आणि बाबांना सांभाळायला दिवसा येणाऱ्या मावशींनी मला जमायचं नाही म्हणून सांगून टाकलं होतं. अमोलचं काही चुकत नव्हतं आणि त्याचाच मला जास्त त्रास होत होता. तो रविवारी गाडी घेऊन येणार होता. बाबांना समोर बसवून मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. त्यांना जायचं नव्हतं, मलाही त्यांना पाठवायचं नव्हतं. पण संध्याकाळ झाली आणि ते परत खुर्चीमागे जाऊन उभे राहिले.

दिवाळी नुकतीच झाली होती. शनिवारी मी हाफ डे घेतला. फिजिओथेरपीवाल्याने सपाट जागेवर चालवा म्हणून सांगितलेलं, आणि केडगावात रस्त्याच्या कडेने म्हाताऱ्या माणसाला चालवणं म्हणजे जिवावरचं काम. शिवाय एकदा नगर दाखवून आणावं असंही मनात होतं. म्हणून रिक्षा केली आणि शहरातल्या जुन्या बागेत त्यांना घेऊन गेले.

नगरकरांना ही बाग सांगायला नको. गेटवर भेळेच्या गाड्या, आत घसरगुंडी, कारंजं — कोरडंच — आणि कडेने फिरायचा गोल रस्ता. बागेच्या मागच्या अंगाला खुला रंगमंच आहे. प्रेक्षकांना बसायला अर्धगोल दगडी पायऱ्या, त्यांच्यासमोर छातीइतक्या उंचीचा दगडी मंच, मंचावर चढायला बाजूने चार-पाच पायऱ्या. मंचाच्या पाठीला उंच भिंत आणि त्या भिंतीला दोन टोकांना दोन कमानी, नटांनी आत-बाहेर जायला. वर छप्पर नाही आणि पुढे पडदा नाही. एकेकाळी म्हणे इथे नाटकाला पाय ठेवायला जागा नसायची. आता भिंतीला कुणीतरी भडक निळा रंग दिलाय आणि मंचावर सकाळी योगाचा क्लास चालतो. शाळेच्या गॅदरिंगनंतर मी तिकडे फिरकलेही नव्हते.

बाबा गोल रस्त्याने नीट चालत होते. मी शेजारून, पडले तर धरायच्या तयारीत. रंगमंचाकडे जाणारी वाट आली आणि ते वळले. मी म्हटलं, तिकडे नको, फरशा निघाल्यात. त्यांनी ऐकलं नाही. मंचाच्या बाजूच्या पायऱ्यांशी गेले, कठड्याला धरलं, आणि एकेक पायरी चढायला लागले. मी आधी घाबरले आणि मग मला वाटलं, हे अमोलने बघायला हवं. बघ म्हणावं, पायऱ्या चढतायत, कशाला हवंय तुझं केंद्र. मी खाली मंचासमोर उभी राहिले आणि मोबाईलवर व्हिडिओ सुरू केला.

बाबा मंचाच्या मधोमध गेले नाहीत. थोडे डावीकडे, एका ठरावीक जागी जाऊन थांबले, जणू तिथे खडूने खूण केलेली होती. काठी खाली ठेवली. डावा हात वर आला आणि खुर्चीच्या पाठीच्या उंचीवर थांबला... पण तिथे खुर्ची नव्हती, हात नुसता हवेत होता. मान जराशी डावीकडे वळली.

रोजची तीच पोझ. सूर्य बागेतल्या चिंचेच्या झाडामागे उतरलेला, म्हणजे रोजची तीच वेळ. माझा सगळा उत्साह गेला. आता हे इथून हलणार नाहीत आणि मला एकटीला त्यांना खाली आणता येणार नाही. व्हिडिओ बंद करायचं भान राहिलं नाही. मी मोबाईल तसाच धरून उभी होते.

तेव्हा भिंतीच्या मागून, डावीकडच्या कमानीतून, आवाज आला. बाईचा आवाज. हळू, पण स्पष्ट. त्यात भावना अशी काही नव्हती. दुसऱ्याला लिहून घ्यायला सांगावं तसा सपाट.

"खळ्यावरची बाजरी झाकून घ्या. आभाळ भरून आलंय."

मला वाटलं, मागे कॉलेजची पोरं एकांकिकेची प्रॅक्टिस करत असतील. नगरमध्ये त्याचं वेड आहेच. हे वाटून होतंय तोवर बाबांनी छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले —

"खळ्यावरची बाजरी झाकून घ्या! आभाळ भरून आलंय."

माझे बाबा. ज्यांना पाणी मागता येत नव्हतं. एकही अक्षर अडखळलं नाही. आवाज असा की शेवटच्या पायरीपर्यंत गेला. हा आवाज मी जन्मात कधी ऐकला नव्हता. झटक्याआधीही बाबा हळूच बोलायचे, घरात त्यांचा आवाज चढल्याचं मला आठवत नाही. मागच्या पायरीवर वॉकिंगवाल्या एक काकू बूट काढून बसल्या होत्या, त्यांनीही वळून बघितलं.

मागून परत तो आवाज आला. "दार लावू नका. त्याला वाटेल, आपण झोपलो."

आणि बाबा म्हणाले, "दार लावू नका. त्याला वाटेल, आपण झोपलो." यावेळी हळू. पण तेही शेवटपर्यंत ऐकू गेलं.

मग काहीच नाही. बाबा तसेच उभे. हवेतला हात थरथरायला लागला. मी मंचाच्या कडेला गेले. मी रडत होते, का रडत होते ते सांगता येणार नाही. भीती होती, आनंद होता, आणि ते कोसळतील अशी धास्तीही. मी नुसती म्हणत होते, बाबा चला ना, पुरे आता, बाबा चला ना खाली. माझं हे चाललेलं असतानाच मागून तिसऱ्यांदा आवाज आला. एकच शब्द.

"पडदा."

बाबांनी हात खाली घेतला. समोरच्या रिकाम्या पायऱ्यांना वाकून नमस्कार केला. मग सावकाश मंचाच्या कडेपर्यंत आले, दगडाला हात टेकवला आणि बसले. आपणहून बसले. पाय खाली सोडून, अगदी निवांत, ओट्यावर बसावं तसे. त्यांची उभं राहायची वेळ होती ती. मी किती महिन्यांनी त्यांना संध्याकाळी बसलेलं पाहत होते.

मी भानावर आले ती धावत भिंतीमागे गेले. जी कोण असेल तिला गच्च मिठी मारायची होती. मागे एक चिंचोळी पट्टी आहे आणि लगेच बागेची कंपाउंडची भिंत. एका कोपऱ्यात नळ्या आणि फावडी ठेवायची खोली, तिला कुलूप. बाकी सगळीकडे घोट्यापर्यंत वाळलेला पाला. माझ्या पहिल्या पावलालाच तो इतका वाजला की मी दचकले. आधी असा आवाज आलाच नव्हता. कुणी आलं नव्हतं, कुणी गेलं नव्हतं. तिथे कुणीच नव्हतं.

परत आले आणि पायरीवरच्या काकूंना विचारलं, आत्ता भिंतीमागून कोण बोललं, कुणी जाताना दिसलं का. त्या बूट घालता घालता थांबल्या.

"तुम्हीच सांगत होतात ना त्यांना?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, वडिलांकडून पाठ करून घेताय."

मला त्यांचा रागच आला. म्हातारपणी कान गेलेत, असं मनात म्हटलं आणि बाबांना घेऊन निघाले.

त्या रात्री बाबा टीव्हीसमोर बसून जेवले आणि झोपले. शब्द मात्र परत गेले होते. मी पुन्हा पुन्हा बोलतं करायचा प्रयत्न केला, पण 'हं' पलीकडे काही नाही.

रविवारी अमोल आला. येताना बाबांसाठी नवी बॅग आणि स्वेटर घेऊन आला, ते बघून मला भडभडून आलं. मी त्याला म्हटलं, आधी हा व्हिडिओ बघ, मग काय ते बोलू. मी स्वतः तो अजून पाहिला नव्हता. धीरच झाला नव्हता. तो सोफ्यावर बसला, मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. बाहेरून व्हिडिओतला बाबांचा आवाज ऐकू आला. बाहेर आले तर तो डोळे पुसत होता.

"ताई, कसं जमवलंस गं हे?" तो म्हणाला. "आणि तू आधी वाक्य सांगत होतीस, ती कुठल्या नाटकातली?"

मी म्हटलं, मी नाही, मागे कोणीतरी बाई होती. अमोल हसला.

"ताई, हा तुझा आवाज आहे."

आम्ही चांगलेच भांडलो. शेवटी मी मोबाईल हिसकावून घेतला आणि हेडफोन लावले.

आता एक सांगायला हवं. स्वतःचा रेकॉर्ड केलेला आवाज माणसाला ओळखू येत नाही म्हणतात. मला येतो. आमच्या लॅबला फोन केला की आधी एक रेकॉर्डिंग लागतं — रिपोर्टसाठी एक दाबा, होम कलेक्शनसाठी दोन दाबा. तो आवाज माझा आहे. लॅबच्या डॉक्टरांनी दुसऱ्या कुणाला पैसे द्यायला नको म्हणून माझ्याकडूनच करून घेतलं होतं. वर्षानुवर्षं दिवसातून कितीदा तरी तो माझ्या कानावर पडतो. 'ळ' म्हणताना मी जीभ जरा जास्तच वळवते, नवरा त्यावरून चिडवतो. तो सपाट सूर, तो 'ळ'...

हेडफोनमध्ये भिंतीमागून "खळ्यावरची बाजरी" म्हणणारी मी होते.

मी स्वतःलाच समजावलं, ठीक आहे, भीतीने मीच काहीतरी बोलले असेन आणि मला आठवत नसेल. मेंदू काय वाटेल ते करतो. मी असलं अर्धवट काही बोललेही असेन... असं म्हणत पुढे ऐकत गेले. शेवट आला. मोबाईलच्या अगदी जवळून मी रडत बोलतेय, बाबा चला ना, पुरे आता, बाबा चला ना खाली. आणि त्या बोलण्याच्या मधेच, माझं 'चला' अजून तोंडात असताना, लांबून, भिंतीच्या मागून, शांतपणे — "पडदा."

दोन्ही मीच. एकाच वेळी. एक रडणारी जवळची, एक न रडणारी लांबची.

मी हेडफोन काढून फेकले. अमोलने ते लावले, परत परत ऐकलं. इंजिनिअर माणूस, म्हणाला प्रतिध्वनी असेल. मी म्हटलं, प्रतिध्वनी आपलेच शब्द परत देतो, मी 'पडदा' हा शब्द त्या संध्याकाळी उच्चारलेलाच नाही. चहा तसाच निवून गेला. बाबा आमच्यासमोर बसून बिस्कीट खात होते.

बाबांचे एकच जुने मित्र आता आहेत, भानुदासकाका. तिसगावचे. नगर डेपोला कंडक्टर होते आणि बाबांच्या नाटक कंपूत प्रॉम्प्टर. म्हणजे नट अडला की आडून वाक्य सांगायचं काम त्यांचं. रिटायर झाल्यावर शेतीवर गेले, दिवाळी-दसऱ्याला फोन असायचा. मी त्यांना फोन करून फक्त एवढंच विचारलं की खळ्यावरची बाजरी कुठल्या नाटकात आहे. ते एवढंच म्हणाले, येतो. दुपारच्या गाडीने खरंच आले.

आम्ही त्यांना काही न सांगता व्हिडिओ दाखवला. पहिल्या वाक्याला त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. संपल्यावर बाबांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"पोरी, ह्ये वाक्य नाटकात न्हाईच," काका म्हणाले. "नाटक पुन्यातल्या वकिलाचं. बंगल्यात खळं कुठनं येनार? शेवटचा परवेश चालल्याला, आन वाऱ्यानं माझ्या हातातलं पानच उडालं. वर बघतो तर आभाळ गच्च. माझी बाजरी तिकडं तिसगावात खळ्यावर उघडी. डोक्यात तेच हुतं, तोंडातनं तेच गेलं. तुझ्या बानं जसंच्या तसं म्हनून टाकलं. लोक लई हसले."

अमोलने विचारलं, मग पडदा म्हणजे काय. काकांनी जे सांगितलं ते असं. खुल्या रंगमंचाला पडदा नाही, त्यामुळे नाटक संपलं हे नटांना कळायला त्यांच्या कंपूत एक रीत होती. शेवटचं वाक्य झालं की प्रॉम्प्टरने आडून हळूच 'पडदा' म्हणायचं. तो म्हणेपर्यंत कुणी जागा सोडायची नाही, काही झालं तरी. एकदा काकांना आडोशाला डुलकी लागली तर सगळे नट टाळ्या थांबून लोक उठायला लागले तरी पुतळ्यासारखे उभे होते. आणि 'पडदा' व्हायच्या आत जो जागा सोडेल त्याने ते नाटक पुरं केल्याशिवाय दुसरं करायचं नाही, असाही नेम होता.

"त्या राती फुडचं वाक्य मला आठवलं, ते दिलं," काका म्हणाले. "दार लावू नका म्हनून. त्यानं ते म्हटलं. खुर्चीवर हात, कान माझ्याकडं. मी आता पडदा म्हननार, तेवढ्यात सायकलीवर मानूस आला वरडत. दवाखान्यातनं. बायकूचं अवघड हाय, लगीच चला. ह्यानं खाली उडीच टाकली आन पळाला, कोट-मिशीसकट. माझ्या तोंडातला पडदा तोंडातच ऱ्हायला."

जिचं अवघड झालं होतं ती माझी आई. आणि मी.

नंतर तो कंपू काही टिकला नाही, ते नाटकही परत उभं राहिलं नाही. काका पुष्कळदा म्हणाले होते, चल एकदा बागेत जाऊ, तेवढा शब्द म्हणून टाकतो, मोकळा हो. बाबा हसण्यावारी न्यायचे. म्हणायचे, राहू दे, माझं नाटक आता घरी पाळण्यात आहे.

मी काकांना विचारलं, तुम्ही ही वाक्यं मला लहानपणी कधी ऐकवली होती का. नाही म्हणाले. बाबा घरात कधी नाटकाचं बोलायचेच नाहीत. समजा दाढी करताना त्यांनी ती बाजरी कधी पुटपुटली असेल आणि माझ्या कानात राहिली असेल, तेवढं मी मानायला तयार आहे. पण तो शेवटचा शब्द त्या रात्री कुणी म्हटलाच नव्हता. जो म्हणायचा राहिला, तो मी ऐकणार कुठून?

"माझा आवाज आस्ता तर मी समजलो आस्तो," काका जाताना दारात म्हणाले. "प्रॉम्प्टर म्हातारा झाला, त्याचं ध्यान तिकडंच ऱ्हायलं, आसं काहीबाही. पर ह्यो तुझा हाय, पोरी."

संध्याकाळ झाली. मी, नवरा आणि अमोल, आम्ही तिघंही घड्याळाकडे न बघता बघत होतो. खुर्ची जागेवर होती. बाबा खिडकीपाशी बसलेले. बाहेर दिवे लागले, शेजारच्यांनी कुकर लावला. बाबांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं. मग त्यांनी स्वेटरचं बटण लावलं आणि बसून राहिले. अमोल उठला, नवी बॅग उचलून माळ्यावर टाकली, आणि जेवून एकटाच पुण्याला गेला.

याला आता बरेच महिने झाले. बाबा संध्याकाळी परत कधी उभे राहिलेले नाहीत. बोलत नाहीत, तेही तसंच आहे. व्हिडिओ मी ठेवलाय पण नंतर ऐकलेला नाही. लॅबच्या फोनवरचं रेकॉर्डिंग मात्र मी डॉक्टरांना सांगून बदलून घेतलं. तो आवाज कानावर पडला की मी हातातली ट्यूब खाली ठेवून द्यायचे. नवरा म्हणतो, झालं ते चांगलंच झालं, कशाला खोलात जातेस. पण मला जावंसं वाटतं. मी तेवढ्यासाठी एकदा एकटी बागेत जाऊन त्या कमानीत उभीही राहिले. तोंडही उघडलं. शब्द फुटला नाही, आणि मी घाईघाईने घरी आले.

कुणाकडे काही उत्तर असेल तर जरूर सांगा. तो शब्द मी म्हटला नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. ज्या रात्री तो म्हणायचा राहिला त्या रात्री तर मला रडतासुद्धा येत नव्हतं, मी अजून जन्मायची होते. आत्ता हे लिहितेय तेव्हा दिवेलागण झालीय, आणि बाबा माझ्यासमोर बसलेत.